दादाने न वाचलेली पोस्ट

माझा भाऊ फोटोत कधी नीट आला नाही. त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय आणि हा वर छताकडे बघतोय, कारण पंख्याचा एक बोल्ट सैल आहे हे त्याला ऐन वेळी दिसलं होतं. पंखा बंद करवून घेतल्याशिवाय तो जागचा हलला नाही. अशा माणसाचा चेहरा पुढे हजारो लोकांच्या मोबाइलवर रोज सकाळी उगवायला लागला, याची मला अजूनही गंमत वाटते आणि रागही येतो.

दादाचा शिड्यांचा कारखाना आहे. मी तिथलं ऑफिस सांभाळते, म्हणजे फोन, बिलं आणि दादाचा विसरभोळेपणा. पत्र्याच्या एका शेडमध्ये दोन माणसांनी तो सुरू केला, दादाने आणि मिस्त्रींनी. मिस्त्री वयाने बरेच मोठे. रिव्हेट कसा ठोकायचा, कामगारावर ओरडायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे दादाला त्यांनीच शिकवलं. तयार झालेली प्रत्येक शिडी ते स्वतः चढून बघायचे. वरच्या पायरीवर उभं राहून दोनदा जोरात पाय आपटायचे आणि खाली येऊन नुसतं "जाऊ दे" म्हणायचे. ते ऐकल्याशिवाय माल गाडीत चढत नसे. दुपारी दोघं एकाच बाकावर बसून डबा खायचे, बोलायचे फारसे नाहीत. आमच्या वडिलांच्या माघारी दादा कोणाला घाबरत असेल तर तो मिस्त्रींना.

मग ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. दुसऱ्या एका कारखान्यात मालाच्या नावाने आनंदच होता, पण त्याचा मालक रोज नवा शर्ट घालून मोबाइलवर काहीतरी सांगत असायचा. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दादाला तोंडावर सांगितलं, "साहेब, खरेदी करणारी पोरं आता शिडी हलवून बघत नाहीत, मालकाचं नाव शोधून बघतात. तुमचं नाव टाकलं तर काहीच येत नाही." दादा त्यावर बराच वेळ नख कुरतडत बसला. मग मला म्हणाला, "मीही लिहितो."

पहिली पोस्ट त्याने रिव्हेटवर लिहिली. माझ्या जन्मात मी इतकं कंटाळवाणं काही वाचलेलं नाही. ती आवडलेल्यांत मी होते, त्याची बायको होती, आणि बाकीच्यांचा अंगठा चुकून लागला असावा. दुसरी मात्र त्याने मिस्त्रींवर लिहिली. शिडीच्या टोकावर कपाळाला आठ्या घालून उभे असलेले मिस्त्री, आणि खाली चार ओळी: "हे खाली उतरून 'जाऊ दे' म्हणाले की आमचा माल जातो. एकदा ते 'नाही' म्हणाले. मी चिडलो आणि स्वतः चढलो. पायरी निघाली. तेव्हापासून मी चिडत नाही."

ती पोस्ट कुठल्या कुठे गेली. ओळख ना पाळख अशा लोकांनी स्वतःच्या मिस्त्रींबद्दल, मास्तरांबद्दल, मोठ्या भावांबद्दल खाली लिहिलं. दुरून दुरून फोन आले. मिस्त्रींनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि म्हणाले, "खरं आहे ते. पण माझा चेहरा असा का दिसतो?" त्यांची बायको, जिला आम्ही वहिनी म्हणतो, ती म्हणाली, "असाच आहे म्हणून." त्या दिवशी आम्ही खूप हसलो.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं, आणि इथेच थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. पण यश आलं की सल्ला देणारेही येतात. एक सल्लागार आला. तो म्हणाला, लोक कंपनीवर नाही, माणसावर विश्वास ठेवतात. तेव्हा माणूस रोज दिसला पाहिजे. माझ्या भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही. रोज लिहायचं ठरलं, आणि रोज लिहिणं दादाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यासाठी एक मुलगी कामाला ठेवली.

त्या मुलीबद्दल मी वाईट बोलणार नाही. हुशार, मन लावून काम करणारी. सोमवारी ती दादासमोर बसायची, त्याला बोलतं करायची आणि त्याच्याच धाटणीने लिहायची, इतकं हुबेहूब की एकदा मीही फसले. सुरुवातीला दादा प्रत्येक शब्दावर वाद घालायचा. मग तो नुसती नजर फिरवायला लागला. मग गाडीत बसता बसता "टाक, टाक" म्हणायला लागला. एक साधं बिल तीनदा तपासणारा माझा भाऊ आपण जगाला रोज काय सांगतोय ते बघेनासा झाला. फोटोत मात्र तो आता छान यायचा. माणसं जपणारा उद्योजक म्हणून त्याला भाषणांना बोलावणी येऊ लागली. तो बोलायचाही बरं. दुपारच्या बाकावर मिस्त्री बहुतेक वेळा एकटेच डबा खाताना दिसायचे. मी कधी विचारलं, तर म्हणायचे, "मोठा झालाय तो. कामं असतात."

मग मिस्त्रींच्या छातीचं दुखणं निघालं आणि ते हॉस्पिटलमध्ये गेले. दादा पहिल्याच दिवशी धावत गेला. डॉक्टरांशी बोलला, वहिनींना म्हणाला, कशाचीही काळजी करायची नाही. मिस्त्रींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. समोरच्या इमारतीला एक रंगारी रंग देत होता. "त्याची शिडी हलतेय, सांग जा," ते म्हणाले. दादा खरंच खाली गेला, रंगाऱ्याला शिडी दोराने बांधायला लावली आणि परत वर आला. मिस्त्री एवढे खूश झालेले मी क्वचित पाहिलेत.

त्यानंतर दादा गेला नाही. जायचं नव्हतं असं अजिबात नाही. रोज सकाळी तो ऑफिसमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणायचा, "आज मिस्त्रींकडे जायचंय," आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी कुठलं रेकॉर्डिंग, कधी कोणी पाहुणे. मी संध्याकाळी जाऊन यायचे. मिस्त्री दाराकडे बघायचे, माझ्या मागे कोणी आहे का म्हणून. हे मी दादाला सांगितलं, तेव्हा तो माझ्यावर खेकसला, आणि लगेच म्हणाला, "उद्या पहाटे. नक्की."

उद्या त्याला दुसऱ्या शहरात एका परिषदेत बोलायचं होतं आणि हॉस्पिटल त्याच वाटेवर होतं. त्याने त्या मुलीला माझ्यासमोर सांगितलं, "गाडी लवकर सांग. आधी मिस्त्रींकडे बसतो, मग पुढे."

सकाळी त्याचा मला गाडीतून फोन आला. परिषदवाल्यांनी जरा आधी बोलावलं होतं. "येताना थांबतो, निवांत बसता येईल," तो म्हणाला. थोड्याच वेळात दुसरा फोन आला, तो वहिनींचा होता, आणि त्या नुसत्या रडत होत्या.

दादाला मी कळवलं तेव्हा तो परिषदेला पोचला होता. तसाच मागे फिरला, पण रस्त्यात अपघाताने वाहतूक तुंबली होती, आणि तो येईपर्यंत मिस्त्रींचे अंत्यसंस्कारही आटोपले होते. त्या मुलीने त्याला वाटेत फोन केला होता. "सर, मिस्त्रींवर लिहायला हवं ना? वाचून दाखवू?" दादा रडत होता. म्हणाला, "नको. टाक."

ती पोस्ट मी दुपारी वाचली. लिहिलं फार सुंदर होतं. त्यात एक वाक्य होतं: "आज पहाटे मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, त्यांचा हात माझ्या हातात होता." मुलीने जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. ती पहाटेची गाडी तिनेच सांगितली होती, आणि गाडी हॉस्पिटलपाशी थांबलीच नाही हे तिला कोणी कळवलं नव्हतं. दादाला मी फोन करत राहिले, पण त्याचा फोन बंद पडला होता. मिस्त्रींच्या घराच्या दारात तो गाडीतून उतरला तेव्हा मी मोबाइल पुढे केला. "दादा, वर जायच्या आधी एवढं वाच." "नंतर," तो म्हणाला आणि जिना चढायला लागला.

दोन खोल्यांचं घर. शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, त्यांवर गप्प बसलेली माणसं. परगावी नोकरी करणारा मुलगा आला होता. खाटेच्या कडेला वहिनी बसल्या होत्या आणि खाटेखाली मिस्त्रींचे कामाचे बूट होते, नाडी सोडलेले. दादा ते बूट बघून उंबऱ्यातच थबकला. वहिनींनी त्याला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"तुमचं वाचल्यावर जरा जिवात जीव आला," त्या म्हणाल्या. "यांनीच मला घरी पाठवलं होतं. म्हणाले, जा, आंघोळ करून ये, औषधाचा वास येतोय तुझ्या अंगाला. मी कपडे घेऊन परत जाईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळपासून डोक्यात एकच होतं, एकटे गेले. कोणीच नव्हतं. मग या पोराने मला वाचून दाखवलं. तुम्ही येऊन गेलात. मला न भेटता गेलात त्याचं काही नाही, तुम्हाला पुढे जायचं होतं. डोळे मिटण्याआधी आपलं माणूस दिसलं त्यांना."

दादाला काहीच कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मुलाने आपला मोबाइल त्याच्या हातात दिला, आणि स्वतःच्या नावाखालचं ते लिहिणं माझ्या भावाने तिथे, त्या माणसांत बसून, पहिल्यांदा वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. त्या एका वाक्यापाशी ते थांबले.

"काही बोलले का?" वहिनींनी विचारलं.

मी खरं सांगते, मी मनातल्या मनात दादाला विनवत होते, हो म्हण. एवढं एकदा खोटं बोल. तुझं नाव घेतलं म्हण, पाणी मागितलं म्हण, काहीही म्हण. त्या बाईचा चेहरा मला बघवत नव्हता. आणि एरवी दर सोमवारी मनातलं घडाघडा सांगणारा माझा भाऊ मान खाली घालून बसला होता.

"वहिनी, हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "वाचलंही नव्हतं. मी पहाटे आलो नाही. यायचं ठरलं होतं. दारावरून गाडी गेली, मी थांबलो नाही."

वहिनींनी त्याचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला आणि स्वतःचा हात मांडीवर ठेवला. मुलगा उठून उभा राहिला.

"मी हे आत्ताच्या आत्ता काढायला सांगतो," दादा म्हणाला. "खरं काय ते लिहितो. मी नव्हतो म्हणून लिहितो."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. मग मुलाला विचारलं, "किती जणांनी वाचलंय हे?"

"खूप. हजारो असतील."

"त्या सगळ्यांना वाटतंय की यांच्याजवळ कोणीतरी होतं?"

"हो."

"मग ते तसंच ठेवा."

"वहिनी, ते खोटं आहे," दादा म्हणाला. "लोक मला देवमाणूस म्हणतायत खाली."

"म्हणू द्या. ते तुम्ही सोसा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला आता माहीत आहे ते एकटे गेले. मी ते घेऊन जगेन. पण एवढ्या माणसांच्या मनात तरी ते एकटे गेलेले नाहीत. ते मी तुम्हाला पुसू देणार नाही."

नंतर त्यांनी आम्हाला पाणी दिलं. दादा पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायला आणि आम्ही खाली आलो.

ती मुलगी अजून आमच्याकडे आहे. झालेलं कळल्यावर ती नोकरी सोडायला निघाली होती, दादाने तिला थांबवलं. चूक तिची नव्हती. ती आता फक्त शिड्यांबद्दल लिहिते, आणि दादा शब्द न् शब्द वाचल्याशिवाय काही जाऊ देत नाही. भाषणांना तो जात नाही. वहिनींकडे जातो. त्या दार उघडतात, बसवतात, कारखान्याची चौकशी करतात. त्या पोस्टचा विषय दोघांत पुन्हा निघालेला नाही.

पोस्ट आहे तिथेच आहे. आमच्या सगळ्या पोस्टमध्ये सगळ्यांत जास्त वाचली गेलेली तीच. अजूनही अधूनमधून कोणीतरी नवीन माणूस ती शोधून काढतो आणि खाली लिहितो, असा मालक सगळ्यांना मिळो. शेवटच्या क्षणी हात धरणारी अशी माणसं आता राहिली नाहीत. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलाशी बसून दादा ते एकेक वाचतो. उत्तर कोणालाच देत नाही. द्यायला त्याच्याकडे एकच खरं वाक्य आहे, आणि ते लिहायचं नाही असं त्याला सांगितलेलं आहे.