लायसनवर ताईचा रक्तगट

लायसनवरचा रक्तगट बदलायला आज आरटीओत तीन तास लागले.

तीन तास! पंखा होता, पण साहेबांकडे तोंड करून.

या छळाला जबाबदार माझी ताई. गेल्या वर्षी याच दिवशी हार्ट अटॅकनं गेली, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही.

सात वर्षांपूर्वी माझ्या अस्थिमज्जेनं संप पुकारला. रक्त बनणंच बंद. त्यात फुप्फुसात बुरशी शिरली. ताप हटेना.

डॉक्टर पेचात. एवढ्या इन्फेक्शनमध्ये स्टेम सेल ट्रान्सप्लांट म्हणजे जिवाशी खेळ. पण ट्रान्सप्लांटशिवाय पांढऱ्या पेशी नाहीत, आणि त्यांच्याशिवाय इन्फेक्शन जाणार नाही.

"थोडं थांबून बघू," एक डॉक्टर म्हणाले.

उभा जन्म हैदराबादच्या बरकतपुऱ्यात काढलेली ताई उसळली, "ठैरे तो क्या होता डॉक्टरसाब? फंगस ठैरती क्या? मेरे सेल मॅच हुए ना, लेलेओ!"

घेतल्या. चार तास दोन्ही हात मशीनला जोडून बसली. मला निरोप आला, "नाकाला खाज सुटलीय, हलू देत नाहीत. सगळं तुझ्यामुळे."

त्या पेशी मला चढवल्या. मग रोज सकाळी काचेपलीकडून फोन. काचीगुडा स्टेशनवर पाहुणे उतरायचे असावेत तशी चौकशी:

"माझी माणसं पोचली का रे?"

"नाही गं."

"पॅसेंजरनं निघाली वाटतं."

सतराव्या दिवशी रिपोर्टात पांढऱ्या पेशी दिसल्या.

पोचली!

ताप हळूहळू उतरला. बुरशीनं गाशा गुंडाळला. पुढे काही महिन्यांनी माझा रक्तगटच बदलला. होता ओ, झाला बी. ताईचा.

"रक्त माझं, डोकं मात्र तुझंच राहिलं," ती म्हणाली. "तेवढं डॉक्टरांना जमलं नाही."

त्यानंतर भाऊबीजेला साडी घेईना. एकच मागणी. "लायसनवर माझा रक्तगट लिहून घे. एवढं दिलंय, नोंद नको?"

"उद्या करतो," मी म्हणायचो.

ती असेपर्यंत तो उद्या उजाडला नाही.

आज खिडकीतल्या क्लार्कनं कागद उलटसुलट पाहिले. "ब्लड ग्रुप कैसा बदला साब?"

"बहन का है."

"अच्छे हैं ना उनो?"

"हौ," मी म्हणालो.

भावजींकडे वर्षश्राद्धाच्या जेवणाला उशिराच पोचलो. पानावर बसण्याआधी आरटीओची पावती ताईच्या फोटोमागे खोचली.

ताई, तुझी माणसं इथं खुशाल आहेत.

तूही नीट पोचली असशील.