एक मायनस पिवळा झालाच नाही

गेल्या मंगळवारी आमच्या कारखान्यातलं सीएनसी मशीन सकाळपासून तीनदा थांबलं... आणि तिन्ही वेळा मशीनसमोर मीच उभा होतो.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी काम करतो. सीएनसी म्हणजे फाईलमधल्या आकड्यांप्रमाणे आपोआप धातू कापणारं मशीन. ती फाईल आमचे डिझायनर कुणाल सर बाहेरून बनवून पाठवतात, मी फक्त मशीन चालवतो.

'फक्त' लिहिलं खरं... पण त्यासाठी दोन वर्षं साच्यांना पॉलिश करण्यात काढली आहेत, धुळीने काळं झालेलं तोंड घेऊन. बारावी अर्धवट सोडलेल्याला मशीनवर कोण उभं करतं? तीन महिन्यांपूर्वी शेठनी ट्रायलवर घेतलं, तेव्हापासून रोज भीतीच वाटते.

मशीन दर वेळी २१४व्या ओळीवर थांबायचं. कारण सांगायचं, चुकीचं अक्षर. मी ती ओळ दहा वेळा वाचली, बोट ठेवून वाचली. सगळं बरोबर दिसत होतं.

शेठनी कुणाल सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, "मी पाठवली तेव्हा फाईल ओके होती. ऑपरेटरने कुठेतरी हात लावला असेल." शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "कल से वापस पॉलिश पे जा, बेटा. ये तेरे बस का नहीं." बेटा म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

फोरमन फ्रान्सिस अंकल इथल्याच तारोडी गावचे. कारखान्यातल्या पाट्यांवरचं शुद्धलेखन मी दुरुस्त करत असतो, म्हणून मला चिडवायला 'मास्तर' म्हणतात. तेच मध्ये पडले, "शेठ, जेवनाची सुट्टी हाय, तवर बघू दे मास्तरला. मशीन कुठं पलून न्हाय जात."

अर्धा तास मिळाला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साधा एडिटर आहे, त्यात फाईल उघडली. लपलेली अक्षरं दाखवायचा पर्याय चालू केला. प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका आला, ठिपके मोजले... एकही जास्तीचा नव्हता.

ती ओळ पुसून नव्याने टाइप केली असती, तर मशीन चाललंही असतं. पण फाईलला हात लावल्याचाच तर आरोप होता! म्हणून काहीही न बदलता जे करता येईल तेवढंच करायचं ठरवलं. सर्च.

एकेक अक्षर शोधायला लागलो. एक्स शोधला, सगळे एक्स पिवळे झाले. झेड शोधला, सगळे झेड पिवळे. मग कीबोर्डवरचा मायनस टाकला... वरपासून खालपर्यंत सगळे मायनस पिवळे झाले आणि २१४व्या ओळीतला तेवढा कोराच राहिला.

खुर्ची पुढे ओढून पाहिलं. ती रेघ बाकीच्यांपेक्षा केसभर लांब होती. मायनससारखी दिसणारी, पण मायनस नसलेली.

स्क्रीनचा फोटो काढून सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्या, म्हणजे त्यांनी पाहिला.

मग सरांनी फोन केला, मला नाही, थेट शेठना. म्हणाले, बाहेर असताना एक आकडा मोबाईलवरच बदलून फाईल पाठवली होती, मोबाईलने परस्पर रेघ लांब केली. "चूक माझी आहे. मुलाला काही बोलू नका." मग त्यांनी नवी फाईल पाठवली आणि मशीन २१४ ओलांडून पुढे गेलं. तो कापायचा आवाज मी डोळे मिटून ऐकला.

आता सरांची प्रत्येक फाईल आधी माझ्याकडे येते. खाली लिहिलेलं असतं, 'एकदा बघून घे रे.' पॉलिशचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "म्हणजे एक रेघ लांब होती, एवढंच?"

हो आई, एवढंच... पण दिसली मला.

आणि फ्रान्सिस अंकल, त्या अर्ध्या तासासाठी मनापासून थँक यू. पाट्या मात्र मी दुरुस्त करतच राहणार.