पडद्यावर नजर घसरते

छापखान्यात मुद्रितं तपासणारी ती संगणकावर कधीच वाचायची नाही. "कागद द्या बाबा, पडद्यावर नजर घसरते," म्हणून सगळ्यांना पिडायची. लेकीला मात्र तिनेच अभ्यासाला टॅब घेऊन दिला आणि गोष्टींची पुस्तकं अडगळ म्हणून वाटून टाकली.

"धडा भराभर वाचते, पण विचारलं तर ढिम्म," अशी शाळेतून तक्रार आली, तेव्हा तिने लेकीलाच फैलावर घेतलं. "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

मग कामावर पुन्हा "कागद द्या बाबा" म्हणताना स्वतःचंच वाक्य तिला टोचलं. तिने तोच धडा छापून आणला. लेकीने ओळीखाली बोट ठेवून वाचला आणि गोष्ट घडाघडा सांगितली.

"आई, माझं हत्तीचं पुस्तक परत मागशील?"

ते कुणाला दिलं, हेही आईला आठवेना.