तिसरा पुकारा

पुंजाराम शिपायाचा कोणावरच विश्वास नव्हता. करमाडहून एसटीनं येताना तो रोज तिकिटावरची तारीख वाचून बघे, आणि कॅन्टीनवाल्यानं चहा दिला की आधी कपात डोकावे. तरीही औरंगाबादच्या त्या मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टरांच्या जागा वाटायच्या दिवशी नावं पुकारायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडंच होतं. आवाज मोठा, आणि कोणाच्या बोलण्याला भुलणारा माणूस नव्हे.

रीत सोपी होती. गुणांच्या यादीप्रमाणं एकेकाला हाक मारायची. तीन पुकाऱ्यांत उमेदवार टेबलापाशी आला तर हवी ती जागा त्याची. नाही आला तर पाळी पुढच्याची. एका वर्षी एक मुलगा घरून निरोप आलाय असं कोणीतरी सांगितलं म्हणून फाटकाकडं धावला आणि पाळी हुकली. निरोप खोटा होता, पुढच्या नंबरवाल्याच्या नातेवाइकानं दिलेला. तेव्हापासून पुंजाराम उमेदवारांपेक्षा त्यांच्या नातेवाइकांवर जास्त नजर ठेवी.

यंदा डोळ्यांच्या विभागात एकच जागा होती. पहिल्या सहांना ती नको होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सातवी वहिदा, शहागंजातल्या चष्मेवाल्याची मुलगी. आठवा बद्रीनाथ. दोघांनाही डोळेच हवे होते.

बद्रीनाथचे काका तात्यासाहेब पाटबंधारे खात्यात इंजिनियर. त्यांनी सकाळीच पुंजारामला गाठलं. "मामा, चहा घेता का? दोन पुकाऱ्यांत वेळ किती सोडता हो?"

"चहा झालाय," पुंजाराम म्हणाला आणि निघून गेला. पण तो प्रश्न त्याला खुपत राहिला.

"डॉक्टर वहिदा!" कोणी उठलं नाही. मघापर्यंत तर ती दाराजवळच्या बाकावर होती. पुंजारामनं हॉलभर नजर फिरवली. तात्यासाहेबही दिसेनात.

"डॉक्टर वहिदा!" बद्रीनाथ खुर्चीच्या कडेवर सरकून बसला.

पुंजाराम सरळ व्हरांड्यात गेला. खाली कडुलिंबाखाली स्कूटरच्या सीटवर कागद पसरले होते. एका बाजूला वहिदा, दुसऱ्या बाजूला तात्यासाहेब, आणि तिची फाइल त्यांच्या हातात. कठड्यावरून त्यानं तिसरा पुकारा असा दिला की ओपीडीच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. वहिदा फाइल ओढून जिन्याकडं पळाली.

"सर, पुकारा हॉलमध्ये करायचा असतो," बद्रीनाथ उठून टेबलामागच्या अधिष्ठात्यांना म्हणाला.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "मामाला चष्मा फुकट मिळणार!"

अधिष्ठात्यांनी नियमांचा कागद वाचला. पुकारे तीन, एवढंच लिहिलं होतं. कुठून द्यायचे ते नव्हतं. डोळ्यांची जागा वहिदाला मिळाली. बद्रीनाथनं कान-नाक-घसा घेतलं, आणि जेवणाची सुट्टी झाली.

पुंजारामनं वहिदाला व्हरांड्यातच अडवलं. "तिथं काय करत व्हतीस? त्यांनी बोलावलं का?"

"नाय मामा. एका झेरॉक्सवर गॅझेटेड साहेबाचा सही-शिक्का राहिला होता, क्लार्क कागद घेईना. इथले सगळे सर आत बसलेले. बद्रीनाथचे काका गॅझेटेड आहेत, खिशात शिक्का असतो कळलं, मीच गेले मागं."

"एका सहीला एवढा येळ?" जिना चढून आलेल्या तात्यासाहेबांना पुंजारामनं तोंडावरच विचारलं.

"मूळ कागद पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. न पाहता केली असती तर तुम्हीच उद्या म्हणाला असता, साहेबानं खोटी सही ठोकली."

"आन् सकाळी पुकाऱ्याचं कशाला इचारलं?"

तात्यासाहेबांनी आवाज खाली आणला. "आमचा बद्री घाबरला की सारखा मुतारीत पळतो हो."

वहिदाला हसू आवरेना. पुंजाराम हसला नाही. तेवढ्यात बद्रीनाथ बाहेर आला.

"काका, ती माझ्या पुढं आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग शिक्का काढलाच कशाला?"

तात्यासाहेब शिक्का रुमालात गुंडाळत राहिले. शिक्का लवकर का नाही दिला, म्हणून पुंजाराम त्यांच्याकडं बघत होता. दिलाच का, म्हणून बद्रीनाथ. सुट्टी संपल्यावर पुंजाराम नववं नाव पुकारायला आत गेला. पुतण्या मात्र जागचा हलला नाही.