मूल उचलायचं नाही

पाळणाघरात सगळे त्यांना मावशीच म्हणत. बावीस वर्षं त्या त्याच तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होत्या. दात येणाऱ्या बाळाचं रडणं वेगळं, झोप आलेल्याचं वेगळं, हे त्यांना पलीकडच्या खोलीतूनही कळायचं. नाव नोंदवायला येणाऱ्या आया फीच्या आधी विचारायच्या, मावशी अजून आहेत ना?

मग दुसऱ्या कुठल्याशा पाळणाघरात पालथं झोपवलेलं एक बाळ दगावलं. बरीच ओरड झाली आणि सरकारने जाडजूड नियमावली काढली. चार तान्ह्यांमागे एक बाई, मुलांच्या उंचीची बेसिनं, दर दोन तासांनी प्रत्येक बाळाची नोंद, आणि मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येकीकडे प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राच्या वर्गाला दहावी लागत होती. मावशी सातवीतून घरी बसलेल्या.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी कचेरीत खेटे घातले. अनुभव धरा म्हणाल्या, हवी तर तोंडी परीक्षा घ्या म्हणाल्या. टेबलापलीकडच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. "अर्जात अनुभवाचा रकानाच नाही," तो म्हणाला.

शेवटी ताईंनी कागदोपत्री मावशींना सफाईवर दाखवलं. पगार तोच ठेवला, पण बजावून सांगितलं, "मावशी, एवढं सांभाळा. मूल उचलायचं नाही. तपासणीला कधीही येतील."

प्रमाणपत्रवाली मुलगी आली ती विशीतली, गुणी, मावशींना मान देणारी. बाळाला उताणंच का झोपवायचं, हे तिनेच त्यांना समजावलं. मावशींनी बावीस वर्षं बाळं पालथी झोपवली होती. त्या दुपारी त्या एकेका पाळण्याशी वाकून बाळांचा श्वास बघत फिरल्या.

पण त्या मुलीचा निम्मा दिवस वहीत जायचा. कोण किती वाजता झोपलं, कुणाचा लंगोट कधी बदलला. दहा महिन्यांची एक पोर रोज मावशींकडे बघून हात पसरायची, आणि मावशी मान खाली घालून फरशी पुसत राहायच्या. आतल्या आत नुसती चडफड व्हायची.

एका दुपारी ती पोर तापाने फणफणली. मुलीचे दोन्ही हात दुसऱ्या बाळात अडकलेले. मावशींनी फडकं टाकलं, हात धुतले आणि पोरीला खांद्यावर घेतलं. ती शांत होऊन झोपते न झोपते तोच तपासणीच्या बाई दारात उभ्या.

"छान झोपलीय हो," बाई म्हणाल्या, आणि नोटीस लिहायला बसल्या.

दंड झाला. त्यात बेसिनं, त्यात आणखी दोन बायकांचे पगार. फी दीडपट झाली आणि तीन आयांनी मुलं काढून घेतली. त्यातलीच एक त्या पोरीची आई, ती दुकानात काउंटरवर उभी राहायची. ती थेट मावशींच्या घरी आली. म्हणाली, घरीच सांभाळा, इथे कागद बघायला कोण येतंय?

मावशींनी नोकरी सोडली. आता त्यांच्या एका खोलीत ती तिन्ही मुलं असतात. ओट्याच्या वाटेवर त्यांनी आडवी फळी ठोकून घेतलीय. मुलं उताणी झोपवतात. न्हाणीघरात गेल्या तरी दार उघडं ठेवून मोठ्याने बोलत राहतात.

एकदा ती प्रमाणपत्रवाली मुलगी भेटायला आली, तेव्हा मावशी बोलून गेल्या, "तिकडे ताई धरून तुम्ही चौघी आणि मुलं आटलीत. इथे मुलं आहेत आणि मी एकटी. एखाद्याच्या घशात काही अडकलं, तर दुसऱ्याला कुणाच्या हातात देऊ? यात भलं कुणाचं झालं, सांग मला."



गेल्या आठवड्यात चौथं मूल घेऊन एक आई आली. मावशी नाही म्हणाल्या, तिघांच्या वर नाही. ती म्हणाली, मग पुढच्या गल्लीतल्या बाईकडे ठेवते, ती अकरा सांभाळते. मावशी उंबऱ्यात उभ्या राहून तिला वळणापर्यंत जाताना बघत राहिल्या. मग दार त्यांच्याकडून जरा जोरातच लागलं, आणि आतली तिघंही एकदम जागी झाली.