बर्गंडीतला चकवा

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगते. ठेवायला वेळ कुठे होता? इचलकरंजीत वडील यंत्रमागावर राबायचे, आई घरात कांड्या भरायची आणि मी त्या खडखडाटात पाठांतर करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. — फर्स्ट क्लास. तेव्हा "बाईला भास झाला" म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मोजता मला येतं.

२००६ चा ऑक्टोबर. आई आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आली होती. तिला घेऊन फ्रान्सची तिकिटं काढली आणि मग ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूची तारीख आली — नेमकी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी! वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती तारीख. पण तिकिटं नॉन-रिफंडेबल... गेलो. मराठी माणूस, दुसरं काय.

बर्गंडीत एका खेड्याबाहेर शेतातलं घर आठवड्यासाठी भाड्याने घेतलं होतं. आठवडा मजेत गेला. निघताना भर दुपारी गाडी काढली. प्रिंटआउटप्रमाणे हायवे अकरा किलोमीटर, रस्ता एकच, कुठे वळायचंच नाही. मी ट्रिप मीटर झिरो केला. सवय.

शिडी टेकवलेलं एक अक्रोडाचं झाड गेलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा...

"मॉम, सेम ट्री अगेन!" मागून आमची इरा.

"सुहास, नकाशा नीट धर."

"अगं, रस्ताच एक आहे! उलटा धरला तरी एकच राहणार," नवरा म्हणाला.

"सुमे, चकवा हाय ह्यो," आई शांतपणे म्हणाली. "गाडी थांबीव. चपला काढून खाली बसायचं, दोन घास खायचे, एक त्याला ठेवायचा."

"आई, फ्रान्समध्ये?"

"का? हितली मान्सं वाट चुकत न्हाईत व्हय?"

"पण आई, इथला चकवा भाकरी खाईल का? त्याला ब्रेड लागेल." सुहासचा विनोद. ह्या वेळी!

मी सगळ्यांवर ओरडले आणि गाडी दामटली. पुन्हा झाड. पुन्हा शिडी. दोन तास गेले होते, संध्याकाळचं विमान चुकलं तर इंटरव्ह्यू गेला. शेवटी निव्वळ संतापाने ब्रेक मारला. "घ्या! बसा!"

ओल्या गवतात अनवाणी बसून एम.एस्सी. बाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातेय... कॅरीहून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी! आईने एक तुकडा शिडीपाशी ठेवला. "जाऊ दे रं बाबा. पोरीचं काम हाय."

त्याच रस्त्याने, त्याच दिशेला निघालो. पाच मिनिटांत हायवे. ट्रिप मीटर पाहिला — अकरा किलोमीटर!

दोन तास गाडी चालवून अकरा? मीटर बिघडला म्हणावं, तर पुढे एअरपोर्टपर्यंत चोख चालला. सुहास म्हणतो, आपण गाडी लावून झोपलो असू. चौघं? एकदम? आणि मी ओरडत होते ते झोपेत? आई तर विषयच संपवते, "खाल्लं, सोडलं. त्यात काय?" उत्तर मला आजही मिळालेलं नाही आणि त्याचा मला अजून राग येतो.

विमान मिळालं. सोमवारी वेळेवर पोचलो. ग्रीन कार्ड झालं.