गोराईच्या किनाऱ्यावरची तुतारी

आमच्या घरात गेलं वर्षभर एकच भांडण चालू होतं. मी बोलतो आणि बायको ओ देत नाही. निवृत्त झाल्यावर माणसाची किंमत उतरते हे ऐकून होतो, पण इतकी उतरेल असं वाटलं नव्हतं. ती ओट्याशी उभी असायची, मी मागून काही सांगायचो, आणि भिंतीला सांगितल्यासारखं व्हायचं. ही मुद्दाम ऐकत नाही, असा निकाल मी लावून टाकला होता. आमच्या कटकटीला कंटाळून लेकीने दोघांची नावं किनाऱ्यावरचे पक्षी दाखवणाऱ्या एका सहलीत घातली. "एक दिवस बाहेर पडा आणि भांडू नका," असं वर बजावलं.

थंडीतल्या एका रविवारी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून गोराईला गेलो. आम्ही आठजण होतो. पक्षी दाखवायला गावातलीच एक तरुण मुलगी होती, तिच्याकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण. ओहोटी लागली होती. पाणी हटलं की पक्षी ओल्या वाळूत खायला उतरतात, तेव्हा गप्प उभं राहायचं, असं तिने सांगितलं. कुरव, सुरय, चिखल्या अशी नावं ती सांगत होती. मला सगळे सारखेच पांढरे-करडे दिसत होते. बायको मात्र दुर्बिणीला चिकटली होती.

एकदम मुलीने हात वर केला. "शू! तुतारी ऐका."

सगळे कान टवकारून उभे राहिले. दहा-बारा पावलांवरून एक लहानसा पक्षी टी-टी-टी ओरडत उडाला आणि पुढच्या दगडावर शेपूट हलवत बसला.

"खंय वाजता? वरात इली काय?" बायको मोठ्याने म्हणाली. खुशीत असली की ती मालवणीवर येते. सगळे हसले. मी हसलो नाही. चारचौघांत शोभा नको म्हणून दुसरीकडे पाहिलं.

"अहो काकू, तुतारी हे पक्ष्याचं नाव आहे," मुलगी म्हणाली. "तो काय, समोर ओरडतोय ना."

बायकोने दुर्बिणीतून पाहिलं. "ओरडतोय? नुसती चोच तर उघडतोय."

पुन्हा हशा पिकला. तिला विनोद करायचा नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून एकट्या मला कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तरी कळायला लागतं.

तरी खात्री करावी म्हणून मी तिच्या मागे तीन पावलांवर उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अगं, चहा देऊ का?" थर्मास माझ्याच हातात होता. पुन्हा म्हणालो. मुलीने वळून पाहिलं. शेजारच्या बाईंनीही पाहिलं. बायको तुतारी बघत राहिली.

म्हणजे वर्षभर मी तिच्या पाठीमागे जे जे बोललो, ते तिला कळलंच नव्हतं. आधी हायसं वाटलं, कारण त्यातलं बरंच ऐकण्याजोगं नव्हतं. एकदा तिच्या आईच्या आजारपणावरूनही बोललो होतो. मग फार लाज वाटली.

मी पुढे जाऊन विचारलं, "तुला ऐकू येत नाही का गं?"

"समोर असलात की येतं. मागून नुसती भुणभुण वाटते. तुम्ही हल्ली समोर येऊन बोलता कुठे?"

"मग सांगायचं नाही?"

"आधीच चिडलेले असता. त्यात बहिरी झाले म्हणून सांगू?"

मी तिला चहा ओतून दिला. दोन घोट घेऊन तिने विचारलं, "वर्षभर मागून एवढं काय बोलत होता?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी तिच्या अगदी समोर उभा राहिलो आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "काही नाही. चहा देऊ का, एवढंच."

तेवढं मात्र तिला स्वच्छ ऐकू गेलं.